अधू डोळ्यांचा शोधक

वयाची चाळीस वर्षे उलटली, की बहुतेक माणसांना जवळचे अक्षर नीट दिसेनासे होते. वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते. सुईत दोरा ओवताना घरातील लहान मुलाला हाक मारावी लागते. मग डोळ्यांवर चष्मा येतो. या चष्म्याला आपल्या मराठीत चाळिशी असेच नाव पडून गेले आहे. चाळिशीचे भिंग मध्यभागी जाड व कडेला पातळ असते. अशा भिंगास बहिर्गोल भिंग म्हणतात.

आजोबांची परवानगी घेऊन त्यांची चाळिशी घटकाभर हाती घ्यावी आणि उघड्या खिडकीसमोरच्या भिंतीपाशी जावे. खोलीत दुसरा उजेड नसावा. चाळिशी दोन नंबरची असेल, तर तिचे भिंग भिंतीपासून सुमारे अर्ध्या मीटरवर धरून किंचित मागेपुढे करावे. एका ठराविक जागी ते येताच भिंतीवर खिडकीचे लहानसे रंगीत चित्र उमटते. बाहेरचे झाड, आकाशाचा तुकडा, रस्त्याने जाणारा माणूस हे सारे त्या चित्रात असते. मात्र सारे उलटे असते. झाडाचा शेंडा खाली आणि बुंधा वर!

युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीपासून लोक चष्मे वापरू लागले होते. परंतु काचेच्या या तुकड्याने अंधुक अक्षर स्पष्ट का दिसावे, हे पुढे तीनशे वर्षे कोणालाही नीट सांगता आले नाही. ते ज्याने सांगितले, त्याचे स्वतःचे डोळे लहानपणापासून अधू होते. त्याचे नाव योहान्नेस केप्लर.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीच्या दक्षिण भागातील वाइल डेर श्टाट या लहान गावी झाला. तो दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेला असल्यामुळे अत्यंत अशक्त होता. त्याचा बाप पैशासाठी परक्यांच्या फौजेत लढणारा शिपाई होता. तो वरचेवर घर सोडून जाई आणि शेवटी एकदा गेला तो परत आलाच नाही. आई काथारिना ही करारी व तापट स्त्री होती. तिला झाडपाल्याच्या औषधांची चांगली माहिती होती. योहान्नेस चार वर्षांचा असताना त्याला देवी आल्या. १९८० साली सर्व जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झालेला हा रोग त्या काळी घरोघर मृत्यू घेऊन येत असे. मुलगा वाचला, परंतु त्याचे हात कायमचे दुबळे झाले आणि डोळे अधू झाले. दूरच्या वस्तू त्याला अंधुक दिसत, एवढेच नव्हे, तर एका वस्तूच्या जागी अनेक वस्तू दिसत.

अशा मुलाने आकाशाकडे ओढले जावे, ही मोठी नवलाची गोष्ट होय. १५७७ साली आकाशात एक तेजस्वी धूमकेतू दिसू लागला. तेव्हा त्याच्या आईने त्याला हाताला धरून एका उंच जागी नेले आणि धूमकेतू दाखवला. पुढे तो नऊ वर्षांचा असताना चंद्रग्रहण पाहण्यासाठी त्याला घराबाहेर बोलावण्यात आले. त्या रात्रीचा लालसर चंद्र त्याला जन्मभर आठवत राहिला. घरात दारिद्र्य होते, तथापि व्यूर्टेम्बर्गच्या ड्यूकांनी गरीब व हुशार मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवलेल्या होत्या. त्यांच्या आधाराने केप्लर शिकत गेला आणि १५८९ साली ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे मिखाएल मेस्टलिन या गुरूने त्याला कोपर्निकसचा सिद्धान्त समजावून दिला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत त्या काळी फारच थोड्यांना मान्य होते. केप्लरने ते मनोमन स्वीकारले.

त्याला धर्मोपदेशक व्हावयाचे होते. परंतु १५९४ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या गावी गणितशिक्षकाची जागा रिकामी झाली आणि त्याला तेथे पाठवण्यात आले. याच गावी त्याच्या आयुष्यास एक निराळे वळण मिळाले.

१० जुलै १६०० रोजी सूर्यग्रहण होते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे म्हणजे दृष्टी गमावणे होय, हे केप्लर जाणून होता. म्हणून त्याने भर बाजारपेठेत एक काळोखी जागा तयार केली आणि एका बारीक छिद्रातून आत येणारी सूर्याची प्रतिमा पडद्यावर घेतली. ही रीत नवी नव्हती. परंतु तिच्यात एक कोडे लपलेले होते. ट्यूको ब्राहे या थोर ज्योतिर्विदाने अशाच छिद्रातून सूर्यग्रहणे पाहिली होती आणि प्रत्येक वेळी ग्रहणातील चंद्र त्याला नेहमीपेक्षा लहान भरला होता. चंद्र खरोखर लहान होतो, की मोजण्याच्या रीतीतच काही चूक आहे? केप्लरने चंद्राला दोष देण्याऐवजी साधनाची परीक्षा घेण्याचे ठरवले.

ही परीक्षा त्याने किती साध्या वस्तूंनी घेतली, हे पाहण्यासारखे आहे. प्रकाश देणाऱ्या वस्तूच्या जागी त्याने एक पुस्तक उंच ठेवले. त्याच्या व जमिनीच्या मध्ये अनेक कोन असलेले एक छिद्र ठेवले. पुस्तकाच्या एका कोपऱ्यास दोरा बांधून तो छिद्रातून जमिनीपर्यंत ताणला. हा दोरा म्हणजे प्रकाशाचा किरण. दोरा छिद्राच्या कडेकडेने फिरवीत तो जेथे जेथे जमिनीस टेके, तेथे त्याने खुणा केल्या. जमिनीवर छिद्राची आकृती उमटली. मग दोरा पुस्तकाच्या दुसऱ्या कोपऱ्यास, नंतर तिसऱ्या कोपऱ्यास व कडांवरील इतर बिंदूंना बांधून त्याने तेच केले. जमिनीवर छिद्राच्या अनेक आकृत्या एकमेकींवर पडल्या आणि त्या सर्वांच्या समूहातून पुस्तकाचा आकार दिसू लागला! छिद्रातून पडणारी प्रतिमा ही अशा असंख्य ठिपक्यांची बनलेली असते आणि प्रत्येक ठिपका छिद्राएवढा पसरट असतो, हे आता उघड झाले. त्यामुळे ग्रहणाच्या वेळी सूर्याचा उजळ भाग चोहोकडून थोडा फुगतो आणि चंद्राचा काळा भाग तेवढा आकसतो. चंद्र लहान झालेला नव्हता.

हे कोडे सुटत असतानाच केप्लरवर मोठे संकट कोसळले. ग्राझच्या राज्यकर्त्याचा धर्मपंथ निराळा होता. आपला पंथ न सोडणाऱ्यांस त्याने गाव सोडून जाण्याचा हुकूम दिला. केप्लरने पंथ सोडला नाही, गाव सोडले. १६०० सालच्या शरद ऋतूत तो बायकोमुलांसह प्राग येथे ट्यूको ब्राहेच्या आश्रयास गेला. पुढच्याच वर्षी ट्यूको मरण पावला आणि सम्राट रुडॉल्फ याने केप्लरला आपला राजगणिती नेमले. पद मोठे होते, पण पगार क्वचितच वेळेवर मिळे.

प्रागमध्ये त्याने प्रकाशाचा अभ्यास पुढे चालवला. आकाशाचे सर्व ज्ञान आपल्याला डोळ्यांमधूनच मिळते. तेव्हा डोळा हेही एक साधनच आहे. छिद्राची परीक्षा घेतली, तशी डोळ्याचीही घेतली पाहिजे, असा विचार त्याने केला. ज्याला आपल्या डोळ्यांची खोड क्षणोक्षणी जाणवत होती, त्याला हा विचार सुचणे स्वाभाविक होते.

पाहणे म्हणजे काय, याविषयी प्राचीन काळापासून अनेक मते होती. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात व ते वस्तूला जाऊन भिडतात, असे ग्रीक गणिती युक्लिड मानत असे. अकराव्या शतकातील अरब विद्वान इब्न अल्-हैथम याने या मतातील चूक दाखवली. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्याने सिद्ध केले. परंतु डोळ्याच्या आत त्या प्रकाशाचे पुढे काय होते, हा प्रश्न तसाच राहिला. बाहुलीच्या मागे असलेला पारदर्शक नेत्रमणी हेच पाहण्याचे इंद्रिय आहे, असे बहुतेक विद्वान धरून चालत. बाझल येथील वैद्य फेलिक्स प्लाटर याने मात्र १५८३ साली असे मांडले होते, की पाहण्याचे काम मागच्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे आहे. नेत्रमणी हे केवळ त्याच्यापुढचे भिंग होय. ही सूचना केप्लरने उचलली आणि तिला गणिताचा पाया दिला.

त्याने पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू घेतला. काळोख्या खोलीत तो खिडकीसमोर धरला व मागे कागद ठेवला. असा चंबू म्हणजे एक जाडजूड बहिर्गोल भिंगच होय. कागद योग्य अंतरावर येताच त्यावर खिडकीची उलटी प्रतिमा उमटली. कडेकडेचे किरण तिला पुसट करीत होते. म्हणून चंबूपुढे त्याने लहान छिद्राचा पडदा धरला. प्रतिमा रेखीव झाली. चंबू म्हणजे नेत्रमणी, पडद्याचे छिद्र म्हणजे बाहुली आणि कागद म्हणजे दृष्टिपटल! डोळ्याची रचना त्याच्यासमोर उभी राहिली.

या प्रयोगातून त्याने काढलेला नियम असा : वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाशाचे किरण सर्व दिशांना पसरतात. त्यांपैकी काही किरण भिंगाच्या सबंध पृष्ठभागावर पडतात. काचेत शिरताना व काचेतून बाहेर पडताना ते वळतात. यालाच वक्रीभवन म्हणतात. भिंगाच्या कडेवरील किरण अधिक वळतात, मध्यावरून जाणारा जवळजवळ सरळ जातो. परिणामी एका बिंदूतून निघून विखुरलेले हे किरण भिंगाच्या पलीकडे पुन्हा एकाच बिंदूत एकत्र येतात. वस्तूच्या वरच्या टोकाचे किरण खाली एकवटतात, खालच्या टोकाचे वर; उजव्या बाजूचे डावीकडे, डाव्या बाजूचे उजवीकडे. अशा रीतीने बिंदूस बिंदू मिळून वस्तूची हुबेहूब, पण उलटी प्रतिमा तयार होते. भिंगाचा अर्धा भाग हाताने झाकून पाहिला, तर प्रतिमा अर्धी होत नाही. ती पूर्णच राहते, फक्त फिकी पडते. कारण प्रतिमेतील प्रत्येक बिंदू हा सबंध भिंगातून आलेल्या किरणांचा बनलेला असतो.

आता केप्लरपुढे खरी कसोटीची वेळ आली. हा नियम डोळ्यालाही लागू असेल, तर दृष्टिपटलावर पडणारे जगाचे चित्र उलटे असले पाहिजे. परंतु आपल्याला तर जग सुलटे दिसते! त्याच्या पूर्वीचे विद्वान या विचारापाशी थबकले होते. आपण ज्या जगात वावरतो ते डोळ्यात डोके खाली करून उभे असावे, हे कोणाच्याही मनाला पटणारे नव्हते. प्रतिमा डोळ्यात दुसऱ्यांदा उलटून सुलटी होत असेल, असे मानून केप्लरनेही पुष्कळ धडपड केली. परंतु किरणांची रेखाटने त्याला तसे सांगेनात. अखेर त्याने मनाच्या आग्रहापेक्षा किरणांची साक्ष मोठी मानली. दृष्टिपटलावरील चित्र उलटे आहे, असे त्याने स्पष्टपणे लिहिले. त्या चित्रापासून आपल्याला सुलटे ज्ञान कसे होते, हा प्रश्न प्रकाशशास्त्राच्या पलीकडचा आहे, असे म्हणून त्याने तो इतर अभ्यासकांवर सोपवला. हे सर्व त्याने १६०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात मांडले. काही वर्षांनी बैलाच्या डोळ्याच्या मागील आवरणाचा भाग सोलून विद्वानांनी आत पाहिले, तेव्हा तेथे खरोखरच समोरच्या देखाव्याचे इवलेसे उलटे चित्र आढळले. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने १६३७ साली आपल्या ग्रंथात या प्रयोगाचे वर्णन केले आहे. डोळ्यात शिरणारे किरण नेत्रमण्यापेक्षाही पुढच्या पारदर्शक आवरणावर अधिक वळतात, असे पुढील काळात कळून आले. तथापि केप्लरच्या मूळ सिद्धान्तास बाध आला नाही.

याच ग्रंथात चष्म्याचे तीनशे वर्षांचे कोडेही सुटले. काही डोळ्यांत किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात; अशा माणसास दूरचे दिसत नाही. त्याला मध्ये पातळ असलेले अंतर्गोल भिंग दिले, म्हणजे किरण थोडे पसरून मग डोळ्यात शिरतात व योग्य जागी मिळतात. काही डोळ्यांत जवळच्या वस्तूचे किरण दृष्टिपटलापर्यंत येऊनही एकत्र आलेले नसतात. वाढत्या वयात नेत्रमणी ताठर होऊ लागल्यामुळे असे घडते, हे आज आपल्याला माहीत आहे. चाळिशीचे बहिर्गोल भिंग या किरणांना आधीच थोडे जवळ आणते आणि उरलेले काम डोळा करतो. आजोबांच्या नाकावर बसलेली काच डोळ्याच्या आतील भिंगास असा हातभार लावत असते.

१६१० च्या वसंत ऋतूत इटलीहून एक विलक्षण बातमी आली. गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरू ग्रहाभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले होते. अनेक विद्वानांनी ही बातमी हसण्यावारी नेली. तो काचांचा भास आहे, असे ते म्हणू लागले. केप्लरजवळ तेव्हा चांगली दुर्बीण नव्हती. तरीही भिंगांचे नियम ज्ञात असल्यामुळे त्याने गॅलिलिओवर विश्वास दाखवला आणि त्याच्या बाजूने जाहीरपणे लिहिले. त्यानंतर कोलोनचा अधिपती अर्न्स्ट याने आपली दुर्बीण त्याला काही दिवस वापरावयास दिली. त्या वेळी केप्लरने केलेली व्यवस्था ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुर्बिणीतून पाहणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला दिसलेले चंद्र इतरांस न दाखवता खडूने वेगळे काढावयाचे आणि मग सर्वांनी आपापली चित्रे जुळवून पाहावयाची. आपले डोळे आपल्याला फसवू शकतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून एकट्याच्या डोळ्यांवर विसंबणे त्याने टाळले. चित्रे जुळली. गुरूचे चंद्र हा भास नव्हता.

या आनंदात त्याने काही आठवड्यांतच भिंगांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहून काढला. तो १६११ साली प्रसिद्ध झाला. बहिर्गोल भिंगासमोर वस्तू कोठे ठेवली असता प्रतिमा कशी मिळते, याचे पद्धतशीर विवेचन त्यात प्रथमच झाले. वस्तू फार दूर असेल, तर तिची प्रतिमा भिंगाच्या नाभीपाशी लहान व उलटी पडते. सूर्यकिरण जेथे एकवटून कागद जळतो, ती जागा म्हणजे नाभी. वस्तू जवळ आणावी तसतशी प्रतिमा भिंगापासून दूर जाते व मोठी होते. नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर वस्तू ठेवली, की पलीकडे तेवढ्याच अंतरावर तेवढीच मोठी प्रतिमा मिळते. वस्तू नाभीच्याही आत आणली, तर पडद्यावर प्रतिमा मुळीच पडत नाही. मात्र भिंगातून पाहिल्यास तीच वस्तू सुलटी व मोठी दिसते. पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा आणि केवळ भिंगातून पाहता येते ती आभासी प्रतिमा.

गॅलिलिओच्या दुर्बिणीत एक भिंग बहिर्गोल व दुसरे अंतर्गोल असे. केप्लरने या ग्रंथात दोन्ही भिंगे बहिर्गोल असलेली दुर्बीण सुचवली. पहिले भिंग दूरच्या वस्तूची वास्तव प्रतिमा तयार करते आणि दुसरे भिंग त्या प्रतिमेला मोठे करून दाखवते. या दुर्बिणीत वस्तू उलटी दिसते, पण आकाशाचा अधिक मोठा भाग एका वेळी दिसतो. शिवाय जेथे प्रतिमा पडते, त्या जागी बारीक तार ताणून ताऱ्यांमधील अंतरे मोजता येतात, हे पुढील ज्योतिर्विदांच्या ध्यानात आले. तिसरे बहिर्गोल भिंग घातले, म्हणजे उलटी प्रतिमा सुलटी करता येते, हेही केप्लरने दाखवले होते. ज्याचे हात देवींनी दुबळे केले होते, त्याने भिंगे घासण्याचे काम इतरांवर सोडले. परंतु पुढे युरोपातील ज्योतिर्विदांनी त्याच्याच रचनेचा स्वीकार केला.

भिंगांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी केप्लरच्या घरावर दुःखाचे डोंगर कोसळले. ज्या देवींनी त्याची दृष्टी अधू केली होती, त्यांनीच त्याचा सहा वर्षांचा लाडका मुलगा नेला. काही महिन्यांत पत्नीही वारली. सम्राटाला राज्यत्याग करावा लागला. केप्लर प्राग सोडून लिंझ या गावी आला व तेथे पुन्हा शिक्षकाचे काम करू लागला.

लिंझमध्ये १६२० साली इंग्लंडचा राजदूत सर हेन्री वॉटन याने त्याची भेट घेतली. केप्लरच्या घरी त्याला एका देखाव्याचे अत्यंत रेखीव चित्र दिसले. ते कसे काढले, हे केप्लरने त्याला समजावून सांगितले. त्याच्याजवळ एक लहानसा काळा तंबू होता. तो शेतात कोठेही उभारता येई आणि पवनचक्कीप्रमाणे हव्या त्या दिशेस फिरवता येई. तंबूला एकच छिद्र ठेवून त्यात बहिर्गोल भिंग बसवलेली नळी घातलेली होती. आतील काळोखात कागदावर बाहेरच्या देखाव्याची प्रतिमा पडे आणि केप्लर ती लेखणीने गिरवून घेई. तंबू थोडा थोडा फिरवीत तो चहूबाजूंचा प्रदेश चित्रात उतरवीत असे. त्या कागदाच्या जागी प्रकाशाने बदलणारा रासायनिक पदार्थ ठेवण्याची युक्ती दोनशे वर्षांनी माणसास साधली आणि छायाचित्रण जन्मास आले.

त्याच वर्षी केप्लरच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. लेओनबर्ग गावी राहणाऱ्या त्याच्या वृद्ध आईवर चेटूक केल्याचा आरोप काही वर्षांपूर्वीच आला होता. तिने दिलेल्या पेयामुळे आपण आजारी पडलो, असे एका स्त्रीने म्हटले. मग गावातील एकेक जण आपली दुखणी तिच्या माथी मारू लागला. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या त्या म्हातारीस कैद करून साखळदंडाने बांधण्यात आले. अशा आरोपाखाली त्या काळी अनेक स्त्रियांना जिवंत जाळले जात असे. मुलाच्या पदाला आणि कीर्तीलाही यामुळे धोका होता. पुष्कळांनी अशा वेळी अंग काढून घेतले असते. केप्लर मात्र लिंझहून निघाला आणि आईच्या बाजूने उभा राहिला.

ग्रहणातील चंद्राच्या बाबतीत त्याने जे केले, तेच त्याने आता केले. लोकांना जे दिसले, ते त्यांना तसे का दिसले, याची त्याने एकेक करून तपासणी केली. एका मुलीचा हात दुखू लागला होता. ती त्या वेळी विटा वाहून नेत होती. गावचा शिक्षक लंगडा झाला होता; त्याने खंदकावरून उडी मारली होती. आरोप करणारी स्त्री पूर्वीपासूनच आजारी असून निरनिराळी औषधे घेत होती. साक्षींमधील विसंगती दाखवणारे दीर्घ लेखी निवेदन त्याने न्यायालयापुढे ठेवले. शेवटी त्या वृद्धेला छळाची हत्यारे दाखवण्यात आली; तरीही न केलेला गुन्हा तिने कबूल केला नाही. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर, ऑक्टोबर १६२१ मध्ये तिची सुटका झाली. पुढच्या एप्रिलमध्ये ती मरण पावली. ज्या आईने हाताला धरून धूमकेतू दाखवला होता, तिला मुलाने आगीच्या तोंडातून परत आणले होते.

या सर्व धकाधकीतही केप्लरचे काम थांबले नाही. ग्रह सूर्याभोवती वर्तुळात नव्हे, तर लंबवर्तुळात फिरतात, हे त्याने १६०९ सालीच दाखवले होते. ग्रहांच्या गतीचा त्याचा तिसरा नियम १६१९ मध्ये आणि ग्रहांची अचूक कोष्टके १६२७ मध्ये प्रसिद्ध झाली. १६३० च्या शरद ऋतूत, थकलेल्या येण्यांची मागणी करण्यासाठी तो रेगेन्सबुर्ग येथे गेला. प्रवासाच्या श्रमाने त्याला ताप आला आणि १५ नोव्हेंबर १६३० रोजी तेथेच त्याचा अंत झाला. त्या वेळी चालू असलेल्या तीस वर्षांच्या युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली; आज त्याची कबरदेखील दाखवता येत नाही.

परंतु त्याच्या स्मारकांची वाण नाही. २००९ साली अवकाशात सोडलेल्या एका दुर्बिणीस केप्लरचे नाव देण्यात आले होते. २०१८ मध्ये तिचे काम थांबले, तोपर्यंत तिच्या साहाय्याने इतर ताऱ्यांभोवती फिरणारे अडीच हजारांहून अधिक ग्रह सापडले. आणि त्याची खरी स्मारके तर आपल्या अवतीभवतीच आहेत. घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग, प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक, चित्रपटगृहाच्या पडद्यावर मोठी प्रतिमा टाकणारा प्रक्षेपक, मोबाइलच्या कॅमेऱ्यातील डाळीच्या दाण्याएवढी भिंगे आणि घरोघरची चाळिशी, या सर्वांमध्ये तोच एक नियम काम करीत आहे. प्रक्षेपकात चित्र मुद्दाम उलटे घालतात ते याच नियमामुळे. पडद्यावर ते सुलटे पडते.

केप्लरला निरोगी डोळे लाभले असते, तर डोळ्याची परीक्षा घ्यावी, असे कदाचित त्याला वाटलेही नसते. आपली दृष्टी अधू आहे, हे त्याने मान्य केले. म्हणूनच दिसते ते सारे तपासून घेण्याची सवय त्याला लागली. त्या सवयीने त्याला डोळ्यातील उलटे चित्र दाखवले आणि त्याच सवयीने त्याच्या आईचे प्राण वाचवले. पुढच्या वेळी चाळिशीचे भिंग भिंतीसमोर धरून खिडकीचे उलटे चित्र पाहाल, तेव्हा देवींच्या व्रणांच्या त्या अशक्त मुलाची अवश्य आठवण ठेवा. असेच एक उलटे चित्र त्या क्षणी आपल्याही डोळ्यात उमटलेले असते.